विलायती पाटीची गाडी आणि आबांचं लायसन

आबांचं पत्र आलं तेव्हा विमानाची तिकिटं काढायचं जवळजवळ ठरलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. लष्करात ड्रायव्हर होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या वाटेवर ट्रक हाकलेले. पेन्शनीत आल्यावर पलूसजवळच्या आमच्या गावात एका बागायतदाराची जीप चालवायचे. पत्र नेहमीसारखं चार ओळींचं. ‘गाडी घेतलीस असे समजले. आनंद झाला. मी लय लोकांना गाडीत बसवून नेले, तुझ्या आईला कधी नाही. जमल्यास गाडी घेऊन येणे. तिला शेजारी बसवून एकदा गावात आणीन म्हणतो.’

‘जमल्यास गाडी घेऊन येणे!’ सुधाकर म्हणाला. ‘आबांना काय, आपण कराडला राहतो असं वाटतं?’

सुधाकर माझा नवरा. मी इंग्लंडात एका इस्पितळात नर्स, तो तिथल्याच कारखान्यात. गाडी म्हणजे फिकट हिरवी, आधी दोघांनी वापरलेली मॉरिस. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाले, ‘मग जाऊया की.’ तो हसला. मी हसले नाही, तेव्हा मात्र त्यानं मुकाट्यानं नकाशा काढला. मी एकदा मनावर घेतलं की उगाच वाद घालायचा नाही, एवढं त्याला लग्नानंतर लवकरच कळलेलं आहे.

एक सांगायचं राहिलं. सुधाकर ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये तीनदा नापास झालेला. त्यामुळे युरोप, तुर्कस्तान आणि इराण मी एकटीनं हाकलं, आणि तो मांडीवर नकाशा घेऊन मला वाट चुकवत राहिला. त्या प्रवासाबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना डोंगर आणि वाळवंट हवं असतं. मला आठवतात ती सरहद्दीवरची टपरीवजा विम्याची ऑफिसं. एका देशाचा विमा दुसऱ्या देशात रद्दी. फाटक ओलांडलं की पुन्हा रांग, पुन्हा शिक्का. इराणच्या बंदरात गाडी बोटीवर चढवली आणि मुंबईला उतरवली.

परक्या देशाच्या पाटीची गाडी आपल्याकडे कशी चालवायची, हे ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडीबरोबर एक पुस्तक असतं, त्याला कार्नेट म्हणतात. देशात शिरताना त्यातला एक तुकडा फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा. म्हणजे गाडी पाहुणी. तिला विकायचं नाही, कुणाला देऊन टाकायचं नाही आणि मुदतीत परत न्यायचं. विमा मात्र इथलाच लागतो. तो मुंबईत काढला. कारकुनानं चालक म्हणून माझं नाव घातलं, फक्त माझंच.

‘माझ्या वडिलांचंही घाला,’ मी म्हणाले.

‘चालू लायसन आहे त्यांचं?’

‘लष्करात होते. आयुष्यभर गाडीच चालवलीय त्यांनी.’

‘बाई, चालवलीय का नाही, हे मी विचारत नाहीय. लायसन दाखवा, सांगलीच्या ऑफिसातसुद्धा नाव घालून मिळेल. तुम्ही शेजारी बसलेल्या हव्यात. तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. विम्यात नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं, तर विमा असून नसून सारखाच.’

मला तो कारकून आवडला.

सातारा

खंबाटकीचा घाट उतरून साताऱ्यात शिरलो, तर पोवई नाक्यावर हवालदारानं हात केला. खिडकीशी येऊन वाकला आणि मला ओलांडून सुधाकरकडं बघत म्हणाला, ‘साहेब, लायसन.’

सुधाकरनं माझ्याकडं बोट केलं.

‘न्हाई, गाडी चालवणाऱ्याचं पायजे.’

‘गाडी मीच चालवतेय,’ मी म्हणाले. ‘स्टिअरिंग माझ्या हातात आहे, दिसत नाही का?’

त्यानं चष्मा पुसला. मग मागं जाऊन पाटीपुढं उभा राहिला. पाटीशेजारी ग्रेट ब्रिटनची लंबगोल जी.बी. ‘जी.बी. म्हंजी कंचा जिल्हा म्हनायचा? पासिंग कुठलं ह्ये?’

मी उतरले आणि कागद बॉनेटवर मांडले. तोवर भोवती वीस-पंचवीस माणसं जमली. कार्नेट, विमा, इंटरनॅशनल परवाना, इंग्लंडचं लायसन. हवालदारानं एकेक कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, ‘जाऊ द्या की राव, माहेरवाशीण हाय.’ तो गर्रकन वळला. ‘माहेरवाशीण आसंल, पर कागूद बघाय नकू व्हय?’ मग माझ्याकडं वळून, ‘बाईसाहेब, समदं बराबर हाय. एवढं कागूद ठिवणारं मानूस मी ह्या नाक्यावर पयलंच बघतूय. फकस्त एक सांगतू. पाव्हनंरावळं म्हनत्याल, जरा हाकू द्या. देऊ नगा.’

तिकडं इंग्लंडात पोलीस थांबवतात तेव्हा पहिलं विचारतात, गाडी नवऱ्याची का? इथं विचारलं नाही, नवऱ्यालाच ड्रायव्हर धरलं. फरक एवढाच. सुधाकर तोवर नाक्यावरच्या दुकानातला कंदी पेढा खात, कौतुकानं बघत बाजूला उभा होता. त्याचा मला असा राग आला की सांगायची सोय नाही. पेढ्याचा पुडा मी कराड येईपर्यंत त्याला दिला नाही.

पलूस

रस्ताभर उसाच्या गाड्या. बैलगाड्यांच्या रांगेमागं पहिल्या गिअरमध्ये तासन्तास. कराड सोडल्यावर मुरमाचा धुरळा असा उडाला, की पलूसला पोचेपर्यंत हिरवी गाडी बदामी झाली.

ठरल्याप्रमाणं आबा पलूसच्या नाक्यावर एका जुन्या लष्करी दोस्ताच्या गॅरेजापुढं उभे होते. पांढरं धोतर, खाकी कोट, पायांत बूट. ‘जय भीम’ झालं, सुधाकरची गळाभेट झाली, आणि मग ते गाडीकडं गेले. तिला एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत हातानं चाचपलं. दिवे, मडगार्ड, दाराची मूठ. मला वाटलं, काय प्रेम आहे गाडीवर! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. नर्स आहे मी.

‘बसा आबा, घरी जाऊ,’ मी म्हणाले.

‘न्हाई. गाडी हितंच राहील.’

‘का?’

‘गावात ती एकदाच शिरंल, आन माझ्या हातानं शिरंल. तुझं कागूद व्हईस्तवर दोस्ताच्या गॅरेजात ठिवू.’

आम्ही चार किलोमीटर पाय ओढत गेलो. घरी आई दारात. तिनं मला कुशीत घेतलं आणि पहिला प्रश्न केला, ‘माझ्याआदी गाडीत बसवलं न्हाईस नव्हं त्यास्नी?’

‘आई, तू तरी उद्या चल, पलूसला बसून बघ.’

‘मी न्हाई बाई. तुझ्या बापानं न्यायचं म्हटलंय. त्ये पेन्शनीत आल्यापास्नं जीप बघतीया. त्यात मालकाची मंडळी बसायची, मालकाची कुत्री बसायची. मी हंडा घिऊन कडंला हुबी. आता थांबलीया तर आनि दोन दिस थांबीन.’

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कच्चा कांदा आणि घरचं दही. तिकडच्या पावाला मी सहा वर्षं नावं ठेवत आले, पण भाकरीचा पहिला घास तोंडात गेला आणि रडू फुटलं. आई म्हणाली, ‘तिखट झालं व्हय गं?’ आबांनी पाण्याचा पेला घ्यायला हात पुढं केला, तो पेल्याच्या अलीकडंच मिटला. मग चाचपून धरला. मी पाहिलं आणि वय झालं असं मनात म्हणून सोडून दिलं.

सांगली

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा, सुधाकर आणि मी पलूसहून गाडी काढून निघालो. आईला सांगितलं, दुपारी गॅरेजात येऊन बस, कागद झाले की तिथनंच आबा तुला घेऊन गावात येतील. वाटेत आबा माझ्या शेजारी बसून डोळे मिटून इंजिन ऐकत होते. ‘आता दुसरा टाक. लय ताणू नगंस. हां, आता सोड.’ एकदाही चुकले नाहीत. ‘डोळं मिटून चालवीन मी हिला,’ म्हणाले.

सांगलीत विम्याच्या ऑफिसावर जुन्या कंपनीचं नाव खरवडून नवी सरकारी पाटी रंगवायचं काम चाललं होतं, त्यामुळे शिडीखालनं वाकून आत जावं लागलं. आतल्या देशपांडे नावाच्या कारकुनाला विलायती गाडीचा विमा ही चीज नवीनच होती. त्यानं पॉलिसी वाचली, पुन्हा वाचली, खुशीत आला. ‘आणा लायसन.’

आबांनी कोटाच्या आतल्या खिशातनं रुमालात गुंडाळलेलं लायसन काढलं. देशपांड्यांनी उघडलं आणि माझ्याकडं पाहिलं. ‘ताई, ह्याची मुदत संपली तेव्हा माझी मुंज व्हायची होती.’

‘मग जीप?’ मी आबांकडं वळले. ‘इतकी वर्षं जीप कशी चालवत होता?’

‘गावात कोण लायसन बघतंय?’ आबा म्हणाले. ‘मालकाची गाडी, मालकाचा रस्ता.’

माझा संताप झाला. बापावर आणि त्या मालकावर. आपला माणूस बिनलायसनचा, बिनविम्याचा वर्षानुवर्षं राबवला आणि काही झालं असतं तर? पण भांडायला वेळ नव्हता. मी म्हणाले, ‘ठीक आहे. आज नवीन काढू. टेस्ट द्या. तुमच्यापुढं टेस्ट म्हणजे काय?’ आबा जुनं लायसन पुन्हा रुमालात गुंडाळायला लागले.

लायसनच्या ऑफिसात फॉर्म भरला. टेस्ट घेणारे साहेब चांगले होते. विलायतेहून आलोय म्हटल्यावर म्हणाले, तीन वाजता ऑफिसच्या जीपवर टेस्ट घेतो, तेवढा वयामुळं डॉक्टरचा दाखला आणा.

‘डाक्टर कशाला?’ आबा एकदम म्हणाले. ‘मला काय झालंय?’

‘काही नाही झालं. सही लागते.’

‘नगं पोरी. राहू दे. उगं तुझा येळ जातोय.’

‘आबा, मी इतके देश हाकत आलेय. आता एका सहीसाठी परत जाऊ?’ आणि मी त्यांचा हात धरून चालायला लागले. असा हट्ट. माझाच.

डॉक्टर म्हातारे होते. नाडी पाहिली, छाती तपासली. मग आबांना खुर्चीवर बसवून समोरच्या भिंतीकडं बोट केलं. ‘डावा डोळा झाका. वाचा बघू वरून.’

आबांनी तळहात डोळ्यावर ठेवला. पाठ ताठ केली, लष्करात करतात तशी. आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, ‘ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी…’

भिंतीवरचा तक्ता मराठी होता. सगळ्यात वर ताटाएवढा ‘क’ आणि खाली ‘म, र’.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. सुधाकरनं मान खाली घातली. आबा आपले म्हणतच होते, एकही अक्षर न चुकता, पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. लष्कराच्या दर तपासणीला पाठ केलेला तक्ता. आम्ही गप्प आहोत हे ध्यानात आलं तेव्हा थांबले. ‘काय चुकलं?’

डॉक्टरांनी उठून बॅटरीचा उजेड त्यांच्या डोळ्यांत टाकला. ‘मोतीबिंदू. डावा पुरता पिकलाय, उजव्यालाही धरलाय. घाबरायचं कारण नाही, मिरजेला शस्त्रक्रिया होते. पण दाखला मी देणार नाही.’

‘शस्त्रक्रिया न्हाई,’ आबा म्हणाले. ‘डोळ्यात चाकू घालून घेणार न्हाई मी.’

दवाखान्याच्या पायरीवर मी बसले. मला माझी लाज वाटत होती. रोज परक्यांचे डोळे, जिभा, नखं बघणारी मी. आणि माझा बाप दोन दिवस माझ्यासमोर चाचपत होता.

गावाकडं

नांद्रे गेलं, वसगडे गेलं. सुधाकरनं मागनं भडंगाची पुडी पुढं केली, ती तशीच परत गेली.

पलूसच्या गॅरेजात आई बाकावर बसलेली. हिरवं नवं लुगडं, केसांत आबोली, मांडीवर पिशवी. आम्हाला बघून उभी राहिली आणि पुढचं दार धरून उभी राहिली, नवऱ्याशेजारी बसायला.

आबांनी मला बाजूला घेतलं. असं अजीजीनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ‘पोरी, वेशीपास्नं घरापातूर. शंभर पावलं. पयल्या गिअरात. त्या वाटंवर दगूड नि दगूड मला ठावं हाय. हितं कोण बघतंय?’

‘नाही आबा.’

‘तुझी आई बघ.’

‘बघतेय. तरी नाही.’

‘कागदापायी?’

‘कागदापायी नाही. विमा काढला म्हणून माणूस परत येत नाही. त्या गल्लीत पोरं खेळतात. माझ्या वॉर्डात गाडीखाली सापडलेली पोरं येतात आबा, त्यांना मी उचलते. तुमच्या हातनं तसं झालेलं मला बघायचं नाही. नाही म्हणजे नाही.’

त्यांनी माझ्याकडं पाठ केली. बापाला असं तोंडावर नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. तेवढ्यात आई म्हणाली, ‘आवं, कोन बी चालवा. पर चालवा. पाय दुखाय लागलं माझं.’ आणि मागं सुधाकरशेजारी जाऊन बसली. तिला काय समजलं, किती समजलं, कोण जाणे.

मी गाडी सुरू केली. डोळ्यांत पाणी, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि दुसरा टाकताना गिअर असा करकरला की गॅरेजवाला बाहेर आला.

‘मारतीस का काय गाडीला?’ आबा म्हणाले. त्यांचा उजवा हात आला आणि माझा हात गिअरवरनं बाजूला झाला. ‘तू फुडं बघ. मी म्हनतो तवा क्लच दाब. दाब. सोड. दाब.’

जुन्या लष्करी ट्रकला एका गिअरला दोनदा क्लच दाबावा लागायचा. आमच्या मॉरिसला त्याची गरज नव्हती, पण ते मी कशाला सांगू? ते इंजिन ऐकायचे, मी दाबायची. दुसरा, तिसरा, चौथा, लोण्यासारखे पडले. विम्यात स्टिअरिंग कुणी धरायचं ते लिहिलं होतं. गिअरबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मागं आई म्हणाली, ‘जीपपरीस बरी चालतीया की!’ आबांच्या मिशा हलल्या.

वेस आली. आबांनी पहिला टाकला, ताठ बसले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं. ‘डायवर आला! डायवर आला!’ ओरडत पोरं चाकांबरोबर पळायला लागली. घर पंधरा पावलांवर आलं आणि मी ब्रेक दाबला.

‘का थांबलीस?’ आबा म्हणाले. ‘घर फुडं हाय. चल की.’

‘आबा…’

‘आगं चल. रस्ता मोकळा हाय.’

त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, गाडीपुढं उभी होती. बॉनेटला टेकून, त्यांच्याच बाजूला. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गाडीवरनं ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. तिच्या लुगड्याचा काठ गाडीच्या दिव्याला लागला होता.

‘दादा,’ ती हसून म्हणाली, ‘वळखलं न्हाई व्हय मला? आरं, मी हाय की.’

आबांचा हात गिअरवर तसाच राहिला. आवाजाच्या दिशेनं ते बघत राहिले. आत्यानं भाकरतुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं. आई उतरली, लुगडं सावरलं, सगळ्या बायकांकडं एकदा नीट बघून घेतलं आणि मग दारात गेली. सुधाकर उतरला. पोरांनी दिवे पुसायला सुरुवात केली.

आबा उतरले नाहीत.

‘मिरज किती लांब पडंल गं?’

‘तासाभराची वाट आहे आबा. पण तुमचे डोळे बरे होऊन चष्मा लागेपर्यंत ही गाडी परत गेलेली असेल. तिची मुदत आहे.’

‘जाऊ दे. पाव्हनी हाय ती. मागनं कंची बी हाकीन, कागूद करून.’ मिरजेकडं वळवायची तर गाडी मागं घ्यायला हवी, आणि रिव्हर्स कुठं पडतो ते मी त्यांना दाखवलं नव्हतं. त्यांनी दांडा दोनदा हलवून अंदाज घेतला. ‘तुझ्या आत्याला म्हनावं फुडनं सर. पोरास्नी बी मागनं सरायला सांग, मला दिसत न्हाईत.’

मी सगळ्यांना बाजूला केलं.

‘क्लच दाब,’ आबा म्हणाले.

मी दाबला.